पाच मोजून एक श्वास

"बाई, जरा बाहेर येता का?"

आठवीच्या वर्गाच्या दारात तुळसामावशी उभी होती. डाव्या हाताचं मनगट तिनं उजव्या हातानं घट्ट धरलं होतं. मी फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढत होते, हातात लाल खडू होता. तास चालू असताना स्वयंपाकघरातलं कोणी वर्गाकडे फिरकत नसे. मी बाहेर आले.

"काय झालं?"

"लाकडं काढत होते. ढिगात नाग होता. चावला."

तेल संपलंय किंवा गॅस आला नाही, हे सांगावं तसं ती बोलली. करंगळीच्या बाजूला दोन ठिपके होते आणि त्यांच्याभोवती सूज चढायला लागली होती.

पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी तेव्हा विज्ञान शिकवत होते. मूळची मी सटाण्याकडची. तिथे येऊन मला नऊ वर्षं झाली होती. तुळसामावशी, म्हणजे तुळसाबाई भोये, आमच्या शाळेची स्वयंपाकीण. तीनशे मुलांची भाकरी आणि आमटी तिच्या आणि आणखी दोघींच्या हातची. आम्ही शिक्षकही तिथेच जेवायचो. तरी मागची दोन वर्षं माझं आणि तिचं बोलणं "वाढू का" आणि "बस झालं" एवढंच होतं. मी तिच्या नजरेला नजर देत नसे. त्या दिवशी ती माझ्याच दाराशी आली, कारण आठवीचा वर्ग स्वयंपाकघराला सगळ्यात जवळ होता. निदान मी तरी तसं धरून चालले.

मुख्याध्यापक कामासाठी नाशिकला गेले होते. भाजी घेऊन आलेली जीप आवारातच उभी होती. मावशीला मागे बसवून, हात हलवू नका असं सांगून, मी तिच्याबरोबर निघाले. आरोग्य केंद्र पाच किलोमीटरवर होतं. निम्म्या वाटेत ती म्हणाली, "बाई, मला दोन दोन झाडं दिसतात."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पापण्या झोप आल्यासारख्या खाली येत होत्या. तिनं त्या उचलायचा प्रयत्न केला, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या उचलल्या गेल्या नाहीत.

"चंदीला," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. पुढचं काही तिला बोलता आलं नाही.

चंदी म्हणजे तिची मुलगी, चंद्रकला. ते नाव ऐकलं आणि मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

आरोग्य केंद्रात डॉक्टर शेवाळे नावाची एक तरुण मुलगी होती. शिक्षण संपवून पहिल्याच वर्षी इकडे आलेली. तिनं एक प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?" मी म्हटलं, अर्धा तास. मग ती कोणाशी बोललीच नाही. सलाईन लागलं, त्यातून सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं, आणखी दोन इंजेक्शनं दिली गेली. वीसेक मिनिटांत मावशीचं डोकं एका बाजूला कललं. छाती हलतेय की नाही हे बघायला मला वाकावं लागलं.

डॉक्टरांनी तिच्या घशात नळी घातली. नळीला रबरी फुगा जोडला आणि दाबला. छाती वर आली. सोडला, छाती खाली गेली.

"बेशुद्ध आहेत का त्या?" मी विचारलं.

डॉक्टरांना उत्तर द्यायला सवड नव्हती. "इथे श्वासाचं मशीन नाही," त्या म्हणाल्या. "नाशिकला न्यायचंय. तिथे पोचेपर्यंत हे हातानंच करायचं. सिस्टरना येता येणार नाही, आत बाळंतीण आहे. तुम्ही याल?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

रुग्णवाहिकेत एका बाजूला डॉक्टर, उशाशी मी. निघाल्यावर दहा मिनिटं त्यांनी स्वतः फुगा दाबला आणि मला बघायला लावलं. मग तो माझ्या हातात दिला.

"मनात पाच मोजा, एकदा दाबा. छाती वर आलेली दिसली पाहिजे. जोरात नको, घाई नको. तुम्ही विज्ञान शिकवता ना?"

"हो."

"मग सांगते. विष हिच्या मेंदूत गेलेलं नाही. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो, तिथे ते अडून बसलंय. मेंदू सांगतोय, श्वास घे. निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. म्हणून बरगड्या हलत नाहीत, खालचा पडदा हलत नाही. हृदयाला असल्या निरोपाची गरज नसते, ते आपलं आपण चालू आहे. आपण फक्त हवा आत ढकलायची. ती फुप्फुसातून रक्तात जाईल, रक्त ती पेशीपेशीला नेऊन देईल. ते सगळं हिचं शरीर करतंय. हिचं एकच काम बंद पडलंय, तेवढं आपण करायचं."

वर्गात माझ्याकडे सात तक्ते होते. श्वसन, रक्ताभिसरण, पचन, चेतासंस्था, सगळे वेगळे. एक उतरवायचा, दुसरा टांगायचा. श्वसनाचा तास सोमवारी, रक्ताभिसरणाचा गुरुवारी. एक काम थांबलं तर बाकीच्यांच्या हातात किती मिनिटं उरतात, हे मी कधी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते त्या दिवशी कळलं. मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. दाब. तिची नखं निळसर होती, ती हळूहळू पुन्हा माणसाच्या नखांसारखी दिसायला लागली.

घाट चढताना गाडी थांबली. पुढच्या वळणावर दगडाच्या खडीनं भरलेला ट्रक आडवा झाला होता आणि दोन्ही बाजूंनी गाड्या घुसून बसल्या होत्या. ड्रायव्हर उतरला. पाच मिनिटांनी डॉक्टरांनीही दार उघडलं.

"मी लोकांना बाजूला काढते. वरच्या वळणावर फोन लागला तर मशीन तयार ठेवायला सांगते. तुम्ही हात थांबवू नका. काहीही झालं तरी."

दार लागलं. आत मी आणि मावशी. दुपारचा एक वाजला असेल. पत्रा तापला होता. बाहेर हॉर्न वाजत होते.

आता चंद्रकलाचं सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी ती सातवीत होती. बारीक, पिवळट डोळ्यांची, वर्गात मागे बसणारी. मार्चमधला दिवस होता, साडेअकराचा सुमार. ती तासाला उशिरा आली. पाय दुखतात म्हणाली. हे ती नेहमीच म्हणायची, आणि मला वाटायचं, काम टाळण्यासाठी म्हणते. मी तिला वर्गापुढे आळशी म्हटलं आणि मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. पाचव्या फेरीला ती थांबली, पाणी मागितलं. मी म्हटलं, दहा झाल्यावर. तिनं दहा पूर्ण केल्या.

संध्याकाळी तिला ताप भरला. हातपाय सुजले, मांड्या धरून ती ओरडत होती. नाशिकला नेलं तेव्हा रक्त तपासलं आणि सिकलसेल निघाला. आमच्या भागात तो अनेक घरांत आहे, पण तेव्हा तपासण्या नुकत्या कुठे सुरू झाल्या होत्या. ती वाचली. मात्र खुब्याच्या हाडाला रक्त पोचलं नाही, आणि वर्षाच्या आत ती लंगडायला लागली. शाळा सुटली.

चौकशी झाली. त्याच दिवशी चार वाजता गांगुर्डे सरांनी मुलींचा खो-खोचा सराव घेतला होता. चंद्रकला कडेला नुसती बसून होती, असं ते सांगत राहिले. लिहिणाऱ्यानं "मैदानावर अति श्रम" एवढं लिहिलं, आणि मैदान म्हटलं की खेळाचे शिक्षक. मुलींना माहीत होतं, पण मुलींना कोणी विचारलं नाही. मला विचारलं होतं. मी म्हटलं, माझ्या तासाला ती ठीक होती. सरांची बदली सुरगाण्याच्या टोकाला झाली. जाताना ते मला नमस्कार करून गेले.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आणि त्या गाडीत, फुगा दाबता दाबता, माझं तोंड कसं उघडलं मला माहीत नाही.

"मावशी," मी म्हणाले, "चंदीला मी पळवलं होतं. गांगुर्डे सरांनी नाही. मी. तिनं पाणी मागितलं, मी दिलं नाही. मग मी खोटं बोलले." तिचे डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यामुळे मला बोलता येत होतं. मी रडायला लागले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. मी विज्ञानाची शिक्षिका असून मला मुलीच्या डोळ्यांतला पिवळेपणा दिसला नाही, असंही म्हणाले. मग शब्द संपले आणि नुसतं रडणं राहिलं.

दार उघडलं. डॉक्टर आत चढल्या आणि त्यांनी फुगा माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. भराभर चार-पाच वेळा दाबला, नाडी पाहिली. मला वाटलं, मी दमलेली दिसले म्हणून घेतला असेल. गाडी चालू झाली.

तीनच्या सुमाराला आम्ही नाशिकला पोचलो. मावशीला मशीनवर घेतलं. तिचा नवरा दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेला होता, त्याला निरोप मिळून तो दुसऱ्या दिवशी आला. देवराम त्याचं नाव. त्यानं माझे पाय धरले. मी मागे सरकले.

त्याच दिवशी वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला मावशीच्या खाटेपासून दूर, दारापाशी बोलावलं. मी शेजारीच होते.

"काय बोलायचं ते जपून बोला तिच्याजवळ," ते म्हणाले. "हिला हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, पण ही झोपलेली नाही. नागाच्या विषात माणूस बहुतेक वेळा पूर्ण जागा असतो. सगळं ऐकू येतं. रडारड करू नका, धीर द्या."

देवराम मान हलवत राहिला. मी पिशवी उचलली आणि निघाले. बसस्थानकावर जाऊन बाकावर बसले. पेठची एक गाडी लागली, गेली. दुसरीही गेली. मला कोणी अडवलं नव्हतं. शाळेत परत जाऊन मी बदलीचा अर्ज करू शकत होते, तीन महिन्यांत सटाण्याच्या बाजूला पोचले असते. मग उठले आणि दवाखान्यात परत गेले. धाडस होतं असं नाही. तिसऱ्या गाडीत तरी बसता येईल असं वाटेना, एवढंच.

चौथ्या दिवशी तिची नळी काढली. देवराम चहा आणायला खाली गेला होता. मी खाटेजवळ गेले. पापण्या अजून जडच होत्या, पण डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे होते.

"बसा," ती म्हणाली. नळीमुळे आवाज खरवडल्यासारखा झाला होता.

मी स्टुलावर बसले. "मावशी, त्या दिवशी गाडीत तुम्हाला..."

"ऐकू येत होतं."

मी खाली बघितलं.

"चंदीनं मला तवाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "याच दवाखान्यात. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं तिनं रोज दोन वेळा माझ्या ताटात भाकरी वाढली होती.

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"कोणाला बोलू? मी चुलीवरची बाई. वाढताना रोज वाटायचं, आज बाई बोलतील. मंग वाटायचं, उद्या. सर गेले तवा मी बोलायला पाहिजे होतं. मला माहीत होतं ना. पण मला स्वयंपाकघर सुटायला नको होतं. मी पण गप बसले." ती थांबली. घोटभर पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. "त्यात नवं काय नव्हतं, बाई. नवं एकच. बोलताना तुमचा हात थांबला होता."

मी चमचा खाली ठेवला. "थांबला होता?"

"डॉक्टरबाई पाच म्हणाल्या होत्या. मी पण मोजत होते, दुसरं काय करणार. पाच झाले. दहा झाले. आपली चाळीस ताटांची पंगत असते ना, तेवढं मोजलं. एक पंगत झाली. छातीत आग लागली होती. ओरडता येईना, बोट हलेना. तुमचं रडणं ऐकू येत होतं."

"मावशी, मला कळलंच नाही. मी रडत होते, मला..."

"मला वाटलं, बाईला आता थांबायचंय."

"नाही."

"नसेल. मला काय माहीत." ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "तुमाला तरी माहीत आहे का?"

मला वाटतं मी हो म्हणाले. त्याला आता बावीस वर्षं झाली. त्या हो मध्ये किती खरं होतं, हे मी अजून तपासते.

खालून चहावाल्याचा आवाज येत होता. मावशी छताकडे बघत बोलली. "आधी तुमी बोलायला लागल्या तवा मला असं झालं, की ह्या बाईचा हात नको. दुसरं कोणी येऊ दे. ढकलून द्यावा वाटला. आणि मंग थांबला, तर वाटलं, हाच पाहिजे. कसाही असू दे, आत्ता पाहिजे." तिनं डोळे मिटले. "मला सांगून काय उपयोग. चंदीला सांगा."

त्याच महिन्यात मी आदिवासी प्रकल्प कार्यालयात लेखी दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, झालं गेलं, आता कशाला उकरताय. मी कागद मागे घेतला नाही. माझी वेतनवाढ थांबली, ठपका लागला आणि वर्षभरानं बदली झाली. गांगुर्डे सरांची परत आमच्याकडे बदली होऊ शकत होती, पण ते आले नाहीत. पुढे एका विज्ञान प्रदर्शनात भेटले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तिथली मुलं आता माझी झालीत, बाई," आणि चहाला थांबले नाहीत. त्यांनी माफ केलं की नाही, हे मी विचारायची गोष्ट नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. आधी मी चंद्रकलाकडे गेले.

मावशीला घरी सोडून चार दिवस झाले होते. तिचा पाडा शाळेपासून दोन किलोमीटर आत होता. चंद्रकला ओट्यावर सुपात नागलीचे दाणे पाखडत बसली होती. पंधरा वर्षांची झाली होती. मला बघून उठायला लागली, एका हातानं खांब धरून, एक पाय ओढत. मी म्हटलं, उठू नकोस. तरी ती उठली, पाणी घेऊन आली. मावशी आत चुलीजवळ टेकून बसली होती. ती बाहेर आली नाही.

मी सगळं सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. चंद्रकला ऐकत होती आणि सुपातले खडे वेचत होती.

"पण बाई, मीच उशिरा आले होते," ती म्हणाली.

"उशिरा आल्यानं हाड खराब होत नाही."

"मग?"

मी ओट्यावर सांडलेल्या कोंड्यात बोटानं एक गोल काढला. "आपल्या रक्तात अशा कोट्यवधी लाल पेशी असतात. गोल, मऊ. श्वासातला प्राणवायू उचलतात आणि डोक्यापासून नखापर्यंत नेऊन देतात. कितीही बारीक वाट असली तरी अंग चोरून निघून जातात." मग बाजूला एक विळा काढला. "तुझ्यातल्या काही अशा होतात. तुला तहान लागली, तू फार दमलीस, की अशा जास्त होतात आणि कडक होतात. बारीक वाटेत अडकतात. एक अडकली की तिच्या मागच्या सगळ्या थांबतात. पुढं खुब्याचं हाड वाट बघत असतं, त्याला काही मिळत नाही. पाय तेव्हाच दुखतात. तुझे खरंच दुखत होते. त्या दिवशी तुला पाणी आणि सावली द्यायला हवी होती."

तिनं तो विळा बराच वेळ पाहिला. "हे जन्मापासून आहे?"

"जन्मापासून. तुझ्या हातात नव्हतं."

"आईमुळं?"

"आई आणि बाबा दोघांकडून थोडं थोडं. त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचंही चुकलेलं नाही."

आत चुलीपाशी लाकूड मोडल्याचा आवाज झाला. चंद्रकलानं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे मी आळशी नव्हते?"

"नव्हतीस," मी म्हणाले.

ती खांबाला धरून उठली. ओट्याच्या कडेशी गेली. पलीकडच्या अंगणात तिच्याच वयाची एक मुलगी गोवऱ्या रचत होती. चंद्रकलानं तिला हाक मारली, आणि ती वळून बघेपर्यंत थांबली.

"शाळेतल्या बाई आल्यात," तिनं सांगितलं. "म्हणतात, मी आळशी नव्हते."